विश्लेषण : छोटे विमान विकत घेता येते, पण ठेवायचे कुठे आणि उडवायचे कधी?

सोलापूरहून प्रवासी विमाने उडू लागली आहेत. पण मोहोळसारख्या गावातील कुणी हौसेखातर स्वतःचे दोन-चार आसनी विमान ठेवायचे म्हटले, तर त्याचे वर्ष कसे जाईल? परवाने, इंधन, उन्हाळा, पावसाळा आणि हँगर यांचा हा हिशेब.

सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळावरून ९ जून २०२५ रोजी गोव्यासाठी प्रवासी सेवा सुरू झाली. पाठोपाठ ऑक्टोबरमध्ये मुंबईची सेवाही आली. त्याच्या दोन वर्षे आधी, १५ जून २०२३ रोजी, उड्डाणमार्गातील अडथळा ठरवून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडण्यात आली होती. विमानतळ, चिमणी, धावपट्टी, रात्रीचे लँडिंग हे शब्द त्यामुळे जिल्ह्यात चहाच्या टपरीवरही ओळखीचे झाले आहेत. मात्र विमान म्हणजे तिकीट काढून बसायची गोष्ट, हीच आपली समजूत आहे. अमेरिकेत प्रवासी कंपन्यांबाहेरच्या लहान-मोठ्या विमानांची संख्या दोन लाखांहून अधिक आहे आणि त्यातील बरीचशी डॉक्टर, शेतकरी, निवृत्त शिक्षक अशा लोकांच्या मालकीची आहेत. आपल्याकडे हा वर्ग जवळपास दिसतच नाही. पैसा हे त्याचे एक कारण आहे, पण एकमेव नाही. विमान ठेवणाऱ्याचे वर्ष महिन्यामहिन्याने पाहिले की बाकीची कारणे समोर येतात.

आपल्याकडे अशी हौस कुणी केली?

भारतीय विमानसेवेचा आरंभच एका हौशी वैमानिकापासून होतो. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला, त्याचा क्रमांकही १. पुढच्याच वर्षी इंग्लंड आणि भारत यांच्यातील एकट्याने उड्डाण करण्याच्या आगाखान स्पर्धेत ते आपले जिप्सी मॉथ घेऊन उतरले. वाटेत इजिप्तमधील अबुकीर येथे त्यांना प्रतिस्पर्धी अस्पी इंजिनीअर भेटले. स्पार्क प्लग नसल्याने ते अडकून पडले होते. जेआरडींनी आपल्याकडचे जादा प्लग त्यांना दिले आणि स्पर्धा अस्पींनी जिंकली. हा किस्सा खिलाडूवृत्तीचा म्हणून सांगितला जातो. विमानमालकाच्या नजरेने पाहिले तर त्यात आणखी एक गोष्ट दिसते. साध्या प्लगअभावी सबंध विमान परमुलखात बसून राहते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला टपाल घेऊन उतरलेले पुस मॉथ हेही असेच एका इंजिनाचे छोटे विमान होते.

त्या उड्डाणाची आठवण म्हणून १५ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबईच्या आरोही पंडित यांनी भुजहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत एकटीने उड्डाण केले. त्यांचे ‘माही’ हे पिपिस्ट्रेल सायनस जातीचे लाइट स्पोर्ट विमान, म्हणजे साधारण ६०० किलोच्या आतले. २०१९च्या मे महिन्यात याच विमानाने त्यांनी अटलांटिक महासागर ओलांडला होता. अशा विमानात एकटीने अटलांटिक पार करणारी ती पहिली महिला ठरली.

तिसरे नाव मराठी वाचकांच्या चांगले परिचयाचे आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात, राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते मांडले गेले. नोंदणीसाठी त्यांची धडपड २०११ पासून चालू होती. नोंदणी मिळाली २०१७ मध्ये, ‘व्हीटी-एनएमडी’ या क्रमांकाने. उड्डाणाची परवानगी हाती आली २०१९ मध्ये आणि त्यानंतर धुळ्याच्या धावपट्टीवर चाचण्या झाल्या. यादव हे व्यावसायिक वैमानिक, त्यांचा उद्देशही विमाननिर्मितीचा. त्यामुळे त्यांना निव्वळ हौशी म्हणता येणार नाही. पण गच्चीवर विमान बांधायला जेवढा काळ लागला, जवळपास तेवढाच काळ ते कागदावर उतरवायला लागला. छोट्या विमानाच्या मालकाला भारतात कशाशी झुंजावे लागते, हे यातून पुरते कळते.

मोहोळमध्ये विमान ठेवता येईल का?

समजा, मोहोळच्या एखाद्या डाळिंब किंवा ऊस बागायतदाराने वैमानिकाचा परवाना काढला आणि सेस्ना-१७२ घेतले. १९५६ पासून बनत असलेले हे चार आसनी विमान आजवर ४४ हजारांहून अधिक संख्येने तयार झाले आहे. प्रशिक्षण संस्थांत सर्वाधिक दिसते तेही हेच. पहिला प्रश्न येतो जागेचा.

अनेकांना वाटते, रान आपले, जेसीबीही हाताशी. अर्धा किलोमीटर मुरूम टाकून दाबला की झाली धावपट्टी. अमेरिका-ऑस्ट्रेलियात शेतकरी असेच करतात. आपल्याकडे मात्र सातबाऱ्यावर नाव असले म्हणून तिथे विमान उतरवता येत नाही. त्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, आणि सुरक्षेशी संबंधित यंत्रणांची मंजुरी लागते. शिवाय मोहोळ परिसरातील काळी जमीन पावसाळ्यात ट्रॅक्टरलाही आत घेत नाही, तिथे विमानाचे चाक काय टिकणार? सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आलेल्या पुराने मोहोळ, माढा आणि करमाळा तालुक्यांत शिवारेच्या शिवारे पाण्याखाली गेली होती. नदीकाठच्या सपाट रानात हँगर बांधण्याचा विचार ज्याच्या मनात असेल, त्याने ते दिवस आठवावेत. त्यात तालुक्याचा काही भाग माळढोक अभयारण्याच्या परिसरात येतो. बोरामणीच्या नियोजित विमानतळाचे घोडे वनजमिनीवर कसे अडले, हे जिल्ह्याने पाहिलेच आहे.

म्हणजे विमान मोहोळमध्ये नाही, तर दुसरीकडे ठेवावे लागणार. सोलापूर विमानतळ सरळ रेषेत ३५ किलोमीटरच्या आसपास आहे. धाराशिवची धावपट्टी साधारण ६५ किलोमीटरवर, तर बारामती १२० किलोमीटरवर. अंतराने सोलापूर सोयीचे, पण हौशी विमानाला हँगर हवे, दुरुस्ती करणारा परवानाधारक अभियंता हवा आणि इंधन हवे. या तिन्ही गोष्टी बहुधा जिथे वैमानिक प्रशिक्षण संस्था आहेत तिथेच एकत्र सापडतात. बारामतीचे आकर्षण त्यामुळे आहे. विमान चालवायला आधी मोटारीने अडीच-तीन तास जायचे आणि तिथून उडून पाऊण तासात सोलापूरच्या आकाशात यायचे, असा उलटा प्रवास मग नशिबी येतो.

उड्डाणाआधी कागद किती?

खासगी वैमानिक परवान्यासाठी वय किमान १७ वर्षे आणि शिक्षण किमान दहावी लागते. वैद्यकीय तपासणी, हवाई नियम, दिशादर्शन, हवामानशास्त्र व तांत्रिक विषय यांची परीक्षा आणि किमान ४० तासांचे उड्डाण. त्यातील काही तास एकट्याने. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा. हे सारे होऊ शकते. चिकाटी आणि पैसा असलेला माणूस दीड-दोन वर्षांत ते करतो.

विमानाचे कागद मात्र दरवर्षी नव्याने मालकाच्या दारात उभे राहतात. प्रत्येक विमानाला ‘व्हीटी’ने सुरू होणारी नोंदणी असते. ‘व्हाइसरॉयज टेरिटरी’ असा या अक्षरांचा अर्थ सर्रास सांगितला जातो. तो लोकांनी मागाहून लावलेला दिसतो, कारण ही अक्षरे १९२७ च्या आंतरराष्ट्रीय रेडिओ परिषदेतील वाटपातून आली. नोंदणीनंतर उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र. ते जिवंत राहते ते दरवर्षीच्या पुनरावलोकन प्रमाणपत्रावर. त्याची मुदत एक वर्ष. ती संपली की विमान कितीही झकपक असले तरी जमिनीवरून हलत नाही. विमा, रेडिओ संचाचा परवाना, अपघात झाल्यास उपग्रहाला संकेत देणाऱ्या यंत्राची इस्रोच्या बंगळुरूतील केंद्राकडे नोंद आणि त्या यंत्राच्या बॅटरीची तारीख, हेही सांभाळायचे. एखाद्या कागदाची मुदत मार्चमध्ये संपते, दुसऱ्याची जुलैत, तिसऱ्याची दिवाळीच्या आठवड्यात. जुने विमानमालक भिंतीवरच्या कॅलेंडरवर सणांपेक्षा या तारखा ठळक करतात, त्यात नवल नाही.

कायद्याचे नावही नुकतेच बदलले. १९३४ च्या विमान कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम २०२४ आला आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. रोजचा कारभार मात्र अजून बऱ्याच अंशी १९३७ च्या विमान नियमांवर चालतो.

प्रत्येक उड्डाणाआधी फ्लाइट प्लॅन द्यावा लागतो. एका ठिकाणाहून दुसरीकडे जायचे तर हवाई संरक्षण मंजुरीचा क्रमांकही घ्यावा लागतो. कुणा मोठ्या व्यक्तीचा दौरा असेल किंवा हवाई दलाचा सराव असेल, तर ‘नोटाम’ म्हणजे वैमानिकांसाठीची सूचना निघते आणि आकाशाचा तो तुकडा काही तासांसाठी बंद होतो. रविवारी सकाळी हुक्की आली आणि उडालो, असे इथे नसते.

खर्चाचा खरा आकडा कुठे लपलेला असतो?

नव्या सेस्ना-१७२ ची किंमत चार लाख डॉलरच्या वर गेली आहे, म्हणजे साडेतीन कोटी रुपयांच्या आसपास किंवा अधिक. त्यावर कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या जीएसटी रचनेत वैयक्तिक वापराच्या विमानांवर ४० टक्के कर आहे. त्याआधी तो २८ टक्के आणि वर उपकर असा होता. वैयक्तिक वापराबाहेरच्या, म्हणजे व्यवसाय करणाऱ्यांच्या विमानांना पाच टक्के. तेच विमान, तेच इंजिन, पण मालक हौशी असेल तर आठपट कर. सरकारच्या लेखी दोन आसनी विमान आणि उद्योगपतीचे जेट ही एकाच पंक्तीतली चैन आहे.

जुने विमान स्वस्तात मिळते, पण विमानाचे वय वर्षांत मोजायचे नसते, इंजिनाच्या तासांत मोजायचे असते. सेस्नातील लायकॉमिंग इंजिन उत्पादकाच्या सल्ल्यानुसार दोन हजार तास किंवा बारा वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा संपूर्ण उघडून बांधावे लागते. वर्षाला ५० तास उडवणाऱ्याचे बारा वर्षांत फक्त ६०० तास होतात. म्हणजे १४०० तासांचे आयुष्य शिल्लक असताना मुदत भरते. कमी उडवले म्हणजे पैसे वाचले, हे मोटारसायकलचे गणित इथे लागू पडत नाही.

इंधनाची कथा वेगळीच. ही इंजिने प्रवासी जेटचे इंधन पीत नाहीत, त्यांना एव्हगॅस लागते. ते विमानाचे पेट्रोल. रंग निळा, आणि अजूनही त्यात शिसे असते. सेस्ना तासाला ३० ते ३५ लिटर पिते. भारत हे इंधन वर्षानुवर्षे युरोपातून आणत होता. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याजवळच्या आपल्या गुजरात रिफायनरीत तयार झालेले एव्हगॅस बाजारात आणले. तरी प्रत्येक विमानतळावर ते मिळेलच असे नाही. पिपिस्ट्रेलसारख्या हलक्या विमानांतील रोटॅक्स इंजिन साध्या पेट्रोलवरही चालते. खेड्याजवळ राहणाऱ्या हौशी वैमानिकाला हा मोठा दिलासा, मात्र पेट्रोल कोणत्या प्रतीचे आणि त्यात इथेनॉल किती, हे इंजिनाच्या पुस्तिकेशी ताडून पाहावेच लागते. ऊस पट्ट्यातील माणसाला इथेनॉलची गोडी सांगायला नको. विमानाच्या जुन्या रबरी नळ्यांना मात्र ते मानवत नाही.

उडण्याचे महिने कोणते?

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. पाऊस ओसरतो, सकाळी हवा स्थिर असते आणि इंजिन मोकळा श्वास घेते. बारामती ते सोलापूर हा मार्ग या दिवसांत पाहण्यासारखा असतो. परतीच्या वाटेवर मोहोळ मागे टाकले की पुढे डाव्या अंगाला, पार २५ किलोमीटरवर, भीमेच्या वळणात पंढरपूर, मग अकलूज. उजवीकडे उजनीचे पसरलेले पाणी. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी येतात. जमिनीवरून ते डोळ्यांचे पारणे फेडतात, वैमानिक मात्र त्यांच्यापासून शक्य तेवढा लांब राहतो. दीड-दोन किलोचा पक्षी ताशी २०० किलोमीटरने जाणाऱ्या विमानाच्या काचेवर आदळला तर काय होईल, हे सांगायला नको.

हिवाळ्याचेही एक दुखणे आहे. साध्या डोळ्यांनी जमीन पाहून उडणाऱ्याला नियमाने पाच किलोमीटर दृश्यमानता लागते. गाळपाचा हंगाम, ऊसतोडीनंतर पेटवलेले पाचट आणि सकाळचे धुके एकत्र आले की सूर्य वर येईपर्यंत क्षितिज दिसत नाही. संध्याकाळी घड्याळाची घाई. अशा वैमानिकाला अंधार पडण्याआधी उतरावेच लागते. म्हणून थंडीतल्या दिवसाचे उडण्याजोगे तास वाटतात त्यापेक्षा कमी असतात.

मे महिन्यात विमान जड का होते?

सोलापूर जिल्ह्यातील मालकाने सगळ्यात आधी समजून घ्यावी अशी ही गोष्ट आहे.

पंख हवेवर तरंगतात. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखाला आधार कमी मिळतो, पंख्याची पकड कमी होते आणि इंजिनालाही तेवढ्याच आकारमानात कमी प्राणवायू मिळतो. तीन बाजूंनी एकाच वेळी नुकसान. वैमानिक याला ‘डेन्सिटी अल्टिट्यूड’ म्हणतात, म्हणजे विमानाला ‘जाणवणारी’ उंची.

सोलापूरची समुद्रसपाटीपासूनची उंची साधारण १५०० फूट. त्या उंचीवर प्रमाण तापमान धरले जाते १२ अंश. मे महिन्यात दुपारी पारा ४२ वर असेल तर फरक झाला ३० अंशांचा. दर अंशामागे सुमारे १२० फूट या ढोबळ हिशेबाने ३६०० फूट वाढतात. म्हणजे होटगी रस्त्यावर उभे असलेले विमान आपण ५१०० फुटांवर आहोत असे समजून वागते. महाबळेश्वर सुमारे ४४०० फुटांवर आहे आणि कळसूबाईचे शिखर ५४०० फुटांवर. थोडक्यात, मे महिन्याच्या दुपारी सोलापूरहून उडणे हे विमानाच्या दृष्टीने जवळपास कळसूबाईच्या माथ्यावरून उडण्यासारखे आहे.

परिणाम काय होतो? इंजिनाची ताकद १५ टक्क्यांच्या आसपास घटते. जमीन सोडण्यासाठी लागणारे अंतर थंड दिवसाच्या तुलनेत तिसऱ्या हिश्श्याने किंवा अधिक वाढते. वर चढण्याचा वेग मंदावतो. सेस्नाला आसने चार असली तरी टाक्या काठोकाठ भरल्या तर तीन धडधाकट माणसांपुरतेच वजन उरते. मेमध्ये तेही जास्त. पाहुण्यांना ‘चला, फिरवून आणतो’ म्हणण्याचा मोह याच सुट्टीच्या दिवसांत होतो, आणि त्याच दिवसांत मालकाने एकाला खाली उतरवायला शिकले पाहिजे. मेहुण्याला नाही म्हणणे परवान्याच्या परीक्षेपेक्षा अवघड जाते, पण विमानाला नातीगोती कळत नाहीत.

म्हणून उन्हाळ्यात उड्डाण पहाटेचे. नऊ वाजले की तापलेल्या काळ्या रानावरून हवेचे झोत वर येतात आणि छोटे विमान खड्ड्यांच्या रस्त्यावरच्या एसटीसारखे हादरू लागते. दुपारनंतर वळवाचे ढग. वादळाआधीचा वारा अचानक दिशा बदलतो. धावपट्टीवर अशा वेळी विमान उलटूही शकते. उघड्यावर दोरांनी बांधून ठेवलेल्या विमानाचे गारपिटीत काय होते, हे त्याच्या पत्र्याकडे पाहूनच कळते. तो एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो.

पावसाळ्यात विमान झाकून ठेवले तर चालत नाही का?

नाही, आणि हीच मालकांची सर्वसाधारण चूक असते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला की विमान हँगरमध्ये ढकलायचे आणि दसऱ्याला पूजेसाठी बाहेर काढायचे, हे सोयीचे वाटते. पण चार महिने बसलेल्या इंजिनात आतून गंज चढतो. लायकॉमिंग इंजिनात झडपा हलवणारा कॅमशाफ्ट वरच्या भागात असतो. इंजिन थांबले की तेल निथळून खाली जाते आणि दमट हवेत हा भाग उघडा पडतो.

मग आठवड्याला जागेवरच पाच मिनिटे इंजिन चालवले तर? ते तर आणखी वाईट. इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंजिन पुरते तापले नाही तर ती तेलातच राहते. उत्पादकाचा सल्ला असा की दर ३० दिवसांत किमान एकदा, सलग एक तास उड्डाण करावे आणि तेलाचे तापमान साधारण ७५ ते ९३ अंशांपर्यंत न्यावे. तेलही ५० तासांनी किंवा चार महिन्यांनी बदलायचे, तास भरले नसले तरी. आता जुलै-ऑगस्टमध्ये खाली आलेल्या ढगांतून असा एक तास शोधायचा, तर मालकाला रोज हवामान खात्याच्या पानावर डोळा ठेवावा लागतो. सोलापूर पर्जन्यछायेत असल्याने कोकणापेक्षा अशा सकाळी इथे जास्त मिळतात, एवढे एक सुख.

याच आकाशात २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे विमान कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी घिरट्या घालत होते. संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २७६ ढगांचा अभ्यास केला आणि वाऱ्याच्या दिशेकडील भागात पाऊस सरासरी १८ टक्क्यांनी वाढल्याचे नोंदवले. त्यांना ढग हवे होते आणि हौशी वैमानिकाला ते नको असतात.

पावसाळ्यातील आणखी एक शत्रू बोटाच्या पेराएवढा आहे. घराच्या कोपऱ्यात मातीचे घरटे करणारी कुंभारीण माशी. विमानाचा वेग मोजणारी एक बारीक नळी पंखाखाली उघडी असते आणि तिला ती जागा फार आवडते. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन रिपब्लिकहून निघालेले बर्गेनएअरचे बोइंग-७५७ समुद्रात कोसळून १८९ जण ठार झाले. ते विमान काही दिवस न झाकता उभे होते. अशा माशीच्या घरट्याने नळी बुजली असावी, असा तपासाचा निष्कर्ष होता. छोट्या विमानांवर लटकणारी लाल फीत म्हणजे त्या नळीचे टोपण काढायची आठवण. काही जण तिला हौसेने लावलेले तोरण समजतात.

धोका किती?

बारामती परिसराने हे जवळून पाहिले आहे. जुलै २०२२ मध्ये इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे प्रशिक्षणाचे विमान शेतात कोसळले. ऑक्टोबर २०२३ मध्ये चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमाने पडली. अपघातामागे कधी यंत्र असते, कधी माणूस, कधी हवा. हौशी मालकाच्या बाबतीत चौथी गोष्ट वाढते, ती म्हणजे मोडलेला सराव. प्रशिक्षणार्थी रोज उडतो, शेजारी प्रशिक्षक असतो. मालक पावसाळ्यानंतर तीन महिन्यांनी एकटा बसतो. अमेरिकेत प्रवासी बसवायचा असेल तर मागील ९० दिवसांत तीन उड्डाणे आणि तीन लँडिंग केलेले असावे लागते. शहाणा मालक भारतातही स्वतःला तो नियम लावून घेतो आणि ऑक्टोबरचे पहिले उड्डाण प्रशिक्षकाला शेजारी बसवून करतो. त्याचे पैसे मोजताना अनेकांना जिवावर येते.

कमी खर्चात हौस भागते का?

भागते, पण मालकीचा नाद सोडावा लागतो. पुण्यात हडपसरला सरकारी ग्लायडिंग सेंटर आहे. तिथे इंजिन नसलेल्या विमानात बसून तापलेल्या हवेच्या त्याच झोतांवर वर जाता येते, जे सेस्नाला हादरवतात. दुसरा मार्ग फ्लाइंग क्लबचे विमान तासावर घेण्याचा. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षण आता धुळ्यातून चालते. तिसरा मार्ग चार-पाच जणांनी मिळून एक विमान घेण्याचा. परदेशात तो सर्रास दिसतो आणि त्यात इंजिनही बसून राहत नाही. सहकारी साखर कारखाना, सहकारी दूध संघ आणि सहकारी सूतगिरणी उभ्या केलेल्या जिल्ह्याला ही कल्पना अवघड वाटू नये. भांडणे कशावरून होतील, याचाही अनुभव आहेच.

अमेरिकेने मात्र जुलै २०२५ मध्ये हलक्या खेळाच्या विमानांचे नियम सैल केले. वजनाच्या मर्यादेऐवजी विमान किती कमी वेगात सुरक्षित तरंगते, हा निकष धरला. त्यामुळे नेहमीची चार आसनी विमानेही सोप्या परवान्यावर उडवण्याची वाट मोकळी झाली. आपल्याकडे तशी चर्चा अजून प्रशिक्षण संस्था आणि ड्रोनपलीकडे गेलेली नाही.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा काय?

हँगरचे दार उघडते. नळीचे टोपण निघते, टायरची हवा पाहिली जाते, पंखांच्या सांध्यांत चिमण्यांनी काडीकचरा भरला आहे का हे टॉर्च लावून शोधले जाते. वार्षिक प्रमाणपत्राची तारीख पुन्हा एकदा वाचली जाते. मग मालक पंखाखाली वाकतो आणि टाकीच्या तळाचे थोडे इंधन एका पारदर्शक पेल्यात काढतो. अर्धी भरलेली टाकी पावसाळाभर उभी राहिली तर आत दव साठते. पाणी इंधनाहून जड, ते तळाशी बसते आणि नेमके उड्डाणाच्या वेळी इंजिनात जाते. पेला उजेडात धरून तो पाहतो. वर निळे एव्हगॅस, खाली पाण्याचा स्वच्छ थेंब. तो ओतून पुन्हा पेला भरतो. तळाशी एकही थेंब दिसेनासा होईपर्यंत हे चालते, आणि तोवर सूर्य हँगरच्या पत्र्यावर आलेला असतो.